केवाचा दोष बोनीच्या खांद्यावर

इना केवा डोंगरातली. इना म्हणजे आई; आमच्यात बाईला मानानं तसंच म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर तिला दिली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि तिची जीभ तिच्याआधी आठ दिवस गावात पोचली होती, असं तिची सासू सांगायची. आम्ही समुद्राची माणसं. बोलायचं ते बेतानं, आणि होडी पाण्यात असली तर तेही नाही. डोंगरातली माणसं या शेतातून त्या शेतात ओरडून बोलतात. लग्नाच्या दिवशीच सासूनं टोमणा मारला, "काय गं, तुज्या आईनं तुला हळू बोलायला शिकिवलं न्हाई?"

केवा म्हणाली, "शिकिवलं की. पन इतकं हळू शिकिवलं की मला ऐकूच आलं न्हाई."

सगळा मांडव हसला. सासू हसली नाही.

नवरा कनिसियुस लिपाट, 'बोली लोलो' या होडीचा लामाफा. लामाफा म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेच्या फळीवर उभा राहून, बांबूच्या भाल्यासकट देवमाशाच्या पाठीवर उडी घेणारा गडी. गावात त्याचा मान फादरच्या खालोखाल. तिला तीन पोरं झाली. थोरला कोपोंग, मग दोन मुली. मांसाच्या वाळलेल्या पट्ट्या टोपलीत घालून ती डोंगरात जायची आणि एका पट्टीला बारा केळी घ्यायची. अकरा कोणी दिली तर ती त्या बाईच्या सात पिढ्या काढायची, आणि बारावं केळं घेऊन तिच्याच ओट्यावर बसून तिच्याशीच गप्पा मारत खायची. अशी बाई.

आता नियमाचं सांगतो. लामाफा पाण्यावर जाणार असेल त्या दिवशी त्याच्या घरात भांडण नको. घरातलं भांडण भाल्याच्या दोरावरून चालत जातं आणि माशाच्या अंगात शिरतं, असं आमची म्हातारी मानत आली. मीही मानतो. येशूला मानतो आणि हेही मानतो. फादरांनी पुष्कळ समजावलं, डोक्यातून जात नाही. भांडण झालंच तर नवराबायकोनं एका करवंटीतलं पाणी घोट घोट प्यायचं, एकमेकांचं सोडून द्यायचं, आणि मगच नाळेवर पाय ठेवायचा. तेवढं झालं नाही तर त्यानं त्या दिवशी घरी बसायचं.

एके वर्षी मे महिन्यात एका सकाळी केवा चुलीपुढं भाजलेला मका दगडानं ठेचत होती. लिपाट शेहेचाळिशीला आला होता. उजवा गुडघा धरत होता. फळीवरून उडी घेताना एक पाय कच्चा पडतो हे आम्हाला वल्ह्यावरून दिसत होतं, तिला घरात दिसत होतं. ती म्हणाली, "औंदा फळी बोनीला द्या." बोनी म्हणजे बोनिफासियुस, त्याचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. तो बांबूच्या कुडापलीकडं शेजारच्याच खोलीत राहायचा.

लिपाट म्हणाला, "बोनीला अजून मासा दिसत न्हाई. त्याला पानीच दिसतं."

"तुमाला तरी काय दिसतंय? गुडघा दिसतोय का?"

असं वाढत गेलं. शेवटी ती बोलली ते एवढंच, "जावा मंग. माशालाच ठिवून घेऊ दे तुमाला."

आणि तेवढ्यात खालून हाळी आली, बालेओ, बालेओ. मासा दिसला की आमच्यात अशी हाळी देतात, आणि मग हातातला घास हातात राहतो. सगळं गाव किनाऱ्याकडं पळालं. लिपाट उठला, तिच्याकडं बघितलं, करवंटी कोपऱ्यात होती तिच्याकडंही बघितलं, आणि पाणी न पिताच उतरून गेला. त्यानं जायला नको होतं. पण होडी त्याच्यावाचून निघाली नसती, आणि मासा थांबला नसता.

मी त्या होडीत तिसऱ्या वल्ह्यावर होतो. मासा मोठा नर होता. पहिला भाला नीट बसला, दुसराही. तिसऱ्या उडीनंतर लिपाट होडीत चढत होता, एक पाय आत, एक बाहेर. मासा बुडी मारायला वळला आणि ढिला पडलेला दोर एकदम ताठला. त्याच्या पायाभोवती वेटोळं कधी बसलं ते कोणी पाहिलं नाही. ओला कपडा दगडावर आपटल्यासारखा आवाज झाला. लिपाट गेला. ओरडलासुद्धा नाही. बोनीनं तीनदा बुडी मारली. चौथ्यांदा मारू लागला तेव्हा आम्ही चौघांनी त्याला धरलं.

मढं मिळालं नाही. समुद्रात गेलेल्याचं मढं नसलं की आम्ही पेटीत गोल वळणाचा शिंपला ठेवतो, तोच माणूस समजून पुरतो. लिपाटचा शिंपला पुरला, आणि मग गाव विचारायला बसलं की दोष कुणाच्या घरचा.

ही सभा वाळूवरच भरते, होडीघरांच्या पुढं. पुरुष गोल बसतात, बायका मागं. आमा गोरिस, म्हणजे आमचा वडीलधारा गोरिस, तेव्हा भर उमेदीतला होता. त्यानं विचारलं, "बोली लोलोच्या कुठल्या घरात भांडान व्हतं? सांगून टाका. सांगितल्याबिगर दुसरी होडी पान्यात जानार न्हाई."

केवानं तोंड उघडलं. हे तिनं मला सव्वीस वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "योस, माजं तोंड उघडं व्हतं. जीभ टाळूला लागली व्हती. 'मी' म्हनायचं व्हतं तेवडंच." पण तिच्याआधी पुढं बसलेला बोनी उठला.

"माज्यामुळं झालं," तो म्हणाला. "शेपटाच्या मांसावरून मी दादाशी भांडलो व्हतो."

भांडला होता हे खरं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण ते भांडण आठ दिवस आधीचं, आणि मिटलेलं. दोघं भाऊ एका पानात जेवतानाही लोकांनी बघितलं होतं. तरी आमच्यातल्या कोणी ते बोललं नाही. सुकाणूवरचा तांडेल बोलला नाही, मी बोललो नाही. दोष कुणाच्या तरी घरी एकदाचा जावा, एवढंच आम्हाला हवं होतं. त्यानं मान पुढं केली, आम्ही दोष त्याच्या गळ्यात घातला.

केवानं तोंड मिटलं.

बोनीला होडीवरून उतरवलं. दुसऱ्याही कुठल्या होडीवर त्याला जागा नाही, म्हणजे कुठल्याच माशात वाटा नाही. महिनाभर तो किनाऱ्यावर नुसता बसायचा. बायका त्याच्या सावलीवरून जायला नको म्हणून वळसा घ्यायच्या. मग तो तवाऊला निघाला, मलेशियात, तेलाच्या ताडांच्या मळ्यावर. आमच्याकडची पुष्कळ माणसं जातात. निघायच्या सकाळी केवा त्याच्या दारात गेली.

"भावजी, तुमी का केलंत असं? तुमाला कुडातनं ऐकू आलं व्हतं."

"आलं व्हतं की. वयनी, तुमचं बोलनं डोंगरातबी ऐकू जातं." तो पिशवीचं तोंड बांधत होता. "मला ना बायकू ना पोर. मला वाळीत टाकलं तर एक मानूस उपाशी. तुमाला टाकलं तर चार. एवडा हिशोब मलाबी येतो."

"पन दोष माजा हाय."

"दरसाल गुड फ्रायडेला मिरवनुकीत क्रूस मलाच उचलायला लावता ना तुमी? खांद्याला घट्टा पडलाय. त्याच्यावरच हेबी ठिवलं, दुसरं काय." आणि तो हसला. "पोरांला सांगू नका. कोपोंगला तर मुळीच न्हाई. त्याला आई पायजे."

एवढं बोलून तो गेला. तो परत आला नाही.

त्यानंतरची केवा तुम्ही पाहिली असती तर तुम्हाला खोटं वाटलं असतं की हीच ती. जीभ गेलीच म्हणा. डोंगरात तिला बाराच्या जागी नऊ केळी दिली तरी ती टोपलीत टाकायची. पोरीसोरी तिला फसवायच्या आणि मागून म्हणायच्या, "लामाफाची रांड मुकी झाली." ती ऐकून घ्यायची. रविवारी मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, यायची, मागच्या बाकावर बसायची, सगळ्या प्रार्थना म्हणायची, आणि ख्रिस्ताचा प्रसाद घ्यायला रांग लागली की खाली मान घालून बसून राहायची. एक वर्ष, दोन वर्षं. लोक म्हणाले, देवावर रुसली. नव्या नव्या फादरांनी तिला विचारलं. ती म्हणायची, "माजं पोट बरं न्हाई." सव्वीस वर्षं तिचं पोट बरं नव्हतं.

आणि घरात कोपोंग वाढत होता. त्याला लहानपणापासून एकच गोष्ट ठाऊक, की काकानं बाप खाल्ला. तवाऊहून कोणी परत आलं की बोनी काहीबाही पाठवायचा. एकदा मुलींना कापड, एकदा कोपोंगला रेडिओ. कोपोंग तेव्हा पंधराचा. त्यानं रेडिओ किनाऱ्यावर नेला, खडकावर आपटून फोडला, आणि पोरं जमली होती त्यांच्यादेखत त्याच्यावर थुंकला. केवा दारातून बघत होती. तेव्हा तरी सांगायचं. ती मला म्हणाली, "आदी तो ल्हान व्हता, तवा भ्या वाटलं की उपाशी मरंल. मंग मोटा झाला, तवा भ्या वाटलं की माज्याकडं बगायचा न्हाई. भ्या काय, एक गेलं की दुसरं हायेच."

कोपोंग बापासारखाच निघाला. सत्ताविसाव्या वर्षी त्याच होडीच्या त्याच फळीवर उभा राहिला. केवा तो पाण्यावर असताना घरातून हलायची नाही. पाणीसुद्धा प्यायची नाही.

मग सव्विसाव्या वर्षी फेब्रुवारीत तवाऊहून आमच्या गावचा एकजण परत आला. त्यानं बोनी गेल्याचं सांगितलं. मळ्यात ताप आला, चार दिवसांत आटोपला. तिथंच पुरला. मी केवाच्या ओट्यावर बसलो होतो, तिच्या वाशाला दोर बांधायला आलो होतो. तो माणूस सांगत राहिला, काही वाईट मनानं नाही, गंमत म्हणून. "तिकडंबी त्याची कथा सगळ्यांला ठाऊक. कुनाच्या डोक्यावर ताडाचा घड पडला की पोरं म्हनायची, बोनी जवळ उबा व्हता का रं? तोबी हसायचा. म्हनायचा, व्हय बाबा, मीच हलिवलं झाड." तो स्वतःही हसला.

केवा उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मी डोकावलो तर ती कुडाला कपाळ लावून उभी होती. त्याच कुडाला, ज्याच्या पलीकडं बोनी राहायचा. रडत नव्हती. मला म्हणाली, "योस, मेल्यांच्या यादीत बोनीचं नाव घाल."

आमच्याकडं तीस एप्रिलला संध्याकाळी वाळूवरच्या संत पेत्राच्या, त्या मासे धरणाऱ्या संताच्या, देवळात मेलेल्यांची मिस्सा होते, आणि समुद्रात गेलेल्या सगळ्यांची नावं वाचतात. वाचायचं काम माझ्याकडं. मी म्हणालो, "इना, ती यादी समुद्रात गेलेल्यांची. तो ताडाखाली मेला. आन् वर त्याचं नाव दोषी म्हनून..."

"दोषी तो न्हाई," ती म्हणाली, आणि तिथंच, दोराचा गुंडाळा माझ्या मांडीवर असताना, तिनं मला सगळं सांगितलं.

मी काय बोलणार? मी तिसऱ्या वल्ह्यावर होतो आणि सभेत गप्प बसलो होतो. मी म्हणालो, "फादरकडं जा."

फादर एगिडियुस तेव्हा नवेच होते, तिशीतले, तिच्या कोपोंगपेक्षा लहान. ती पापनिवेदनाला गेली, सव्वीस वर्षांनी. काय बोलणं झालं ते फादर सांगणार नाहीत. तिनंच मला सांगितलं, कारण त्यातलं एक तिला गिळता येत नव्हतं.

फादर म्हणाले होते, "इना, तुझा दोष ख्रिस्तानं क्रूसावर उचलला."

ती म्हणाली होती, "त्यानं उचलला, आन् बोनीनंबी उचलला. पन फादर, एकजन तिसऱ्या दिवशी उटला. दुसरा तवाऊला पडून हाय."

मग ती पुन्हा म्हणाली, "जिनं सोताला वाचवायला दुसऱ्याचा बळी जाऊ दिला, तिलाबी तो तारनारा तारतो? येवडा मोटा हाय तो?"

फादर म्हणाले, "त्यानं ज्यांना ज्यांना तारलं ती सगळी तसलीच माणसं होती, इना. त्याला वधस्तंभावर जाऊ दिलं आणि आपण घरी गेली. पेत्रसुद्धा. दुसऱ्या जातीचं माणूस त्याला मिळालंच नाही."

मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमचं सगळं गाव पेत्राच्या नावानं समुद्रात जातं, आणि मला कधी सुचलं नव्हतं की तोही एका रात्री, येशूला मी ओळखतच नाही, असं म्हणून मोकळा झाला होता. केवाला मात्र बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "मापी मिळाली. फादरनं हात ठिवला डोक्यावर. पन बोनीचं नाव अजून घान हाय. मी धुतल्याबिगर प्रसादाला हात लावनार न्हाई."

मेलेल्यांच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी वाळूवर सभा भरते. नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी वर्षाचे सगळे तंटे तिथं मिटवायचे, म्हणजे समुद्र साफ. त्या दिवशी एका शिडाचा तंटा चालला होता, दोन भाऊबंद तासभर भांडत होते. केवा मागच्या बायकांतून उठली आणि गोलात येऊन उभी राहिली.

शिडवाला म्हणाला, "ए इना, हितं शिडाचं चाललंय, केळ्यांचं न्हाई. मागं जा."

"बस रे तू," ती म्हणाली. "तुजं शीड फाटकंच हाय, उद्याबी फाटकंच आसंल."

लोक हसले. सव्वीस वर्षांनी तिचा तो आवाज ऐकला म्हणून हसले असतील. आमा गोरिस आता ऐंशीचा, काठीवर हनुवटी ठेवून बसलेला. तो म्हणाला, "बोल गं बाय. इतकी वरसं गप बसलीस, आता बोल."

ती बोलली. घोळ घातला नाही. मका ठेचत होते, गुडघ्यावरून बोलले, माशालाच ठेवून घेऊ दे म्हणाले, करवंटी कोपऱ्यात होती, पाणी प्यालो नाही. बोनीनं कुडातून ऐकलं. बोनी माझ्याआधी उठला. मी तोंड मिटलं. "दोष माज्या घरचा व्हता. तुमी बोनीला टाकलंत ते मी टाकू दिलं. त्यानं माजं उचललं आन् मी त्याला उचलू दिलं."

समुद्र ओहोटीचा होता, त्याचा आवाज लांब गेलेला. मग तांडेल, माझ्याच शेजारी बसलेला म्हातारा, वाळूत बोट फिरवत म्हणाला, "ते शेपटाचं भांडान मिटलं व्हतं. मला ठावं व्हतं."

मी म्हणालो, "मलाबी."

अकरा जण होतो आम्ही होडीत. सात अजून जिवंत होते. एकेकानं तेच सांगितलं. गोरिसनं काठीवरून हनुवटी काढली. "म्हंजी सव्वीस वरसं हे गाव खोट्यावर पान्यात जात व्हतं. आन् मीच ते खोटं मान्य केलं." मग तो म्हणाला, "बोनीचं नाव उद्या वाच, योस. समुद्रात मेला का न्हाई, ते इचारू नगा. त्याला बुडवला तो आपुन, कोरड्यावर."

पण माझं लक्ष गोरिसकडं नव्हतं. कोपोंग गोलात बसला होता, लामाफांच्या ओळीत. तो उठला. आईकडं आला नाही. होडीघरात गेला, आपले भाले एकेक करून खाली काढले, खांद्यावर घेतले आणि घराकडं चालू लागला. केवा त्याच्या मागं गेली आणि मी तिच्या मागं, कारण तिला चालताना झोकांड्या जात होत्या.

घरात त्यानं भाले भिंतीला लावले. आमच्याकडं न बघता म्हणाला, "मी कुनावर थुकलो, इना?"

ती दारातच उभी.

"सांग की. पंधरा वरसाचा व्हतो. रेडिओ व्हता. मी कुनावर थुकलो?"

"तुज्या काकावर."

"तो जिता असताना का न्हाई सांगितलंस? बोट घेऊन गेलो असतो. पायावर डोकं ठिवलं असतं त्याच्या. आता कुटं ठिवू?"

तेवढ्यात गोरिसनं धाडलेला एक म्हातारा करवंटीत पाणी घेऊन आला. नियमच तसा. घरात तेढ राहिली तर कोपोंगला फळीवर उभं राहता येणार नाही, आणि परवा पहिली होडी जायची होती. म्हातारा म्हणाला, "प्या रं बाबा दोगं. आईच हाय ती."

कोपोंगनं करवंटी हातात घेतली. पाण्याकडं बघितलं. मग परत म्हाताऱ्याच्या हातात दिली. "न्हाई आमा. पिऊन खोटं बोलनार न्हाई. ह्या गावात पुष्कळ झालं तसलं." आणि आईकडं वळून, आवाज न चढवता, म्हणाला, "माफ करायला मी तेवडा मोटा न्हाई, इना. जो हाय, त्याच्याकडं जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाळूवर नावं वाचली. सूर्य टेकला होता. लिपाटचं नाव वाचलं आणि त्याच्याखाली मी माझ्या हातानं लिहिलेलं, बोनिफासियुस. वाचताना मध्येच मी पाणी मागितलं. प्रसादाची रांग लागली तेव्हा केवा मागच्या बाकावरून उठली. ती पुढं येत होती आणि लोक वाट देत होते. तिचा मान म्हणून नाही. तिला हात लागू नये म्हणूनही असेल, मला सांगता येत नाही. फादरनी तिच्या जिभेवर प्रसाद ठेवला. ती तिथंच उभी राहिली, तोंड मिटून, हलेना. मागचे थांबले. फादरनी हळूच म्हटलं, "इना, गिळ." तिनं मान हलवली, गिळलं, आणि बाजूला झाली. कोपोंग आला नव्हता.

तो आठवड्यानं गेला. तवाऊला. त्याला काकाची कबर बघायची होती. बोली लोलोच्या फळीवर दुसरा उभा राहिला.

केवाला मी त्यानंतर रोज भेटायचो. ती रविवारी प्रसाद घ्यायची. एकदा मिस्सेहून येताना मी विचारलं, "आता जरा हलकं वाटतं का?"

"तो मोटा हाय, योस. माज्या दोषापरीस मोटा हाय. हे मला आता ठावं झालं, नुसतं म्हनायला न्हाई." दोन पावलं चालून ती म्हणाली, "पन दोष उचलला म्हनून बोनी माज्या दारात येत न्हाई. पोरगंबी येत न्हाई. तारनारा तारतो, पन झालेलं न झाल्यागत न्हाई करीत."

मी म्हणालो, "तिकडं वर बोनी त्याच्यापाशी आसंल."

"आसंल की. हितं नव्हता ना. हितं मी व्हते, आन् मी त्याला तवाऊला घालिवला."

पावसाळ्याच्या तोंडाला कोपोंगचं पत्र आलं. तिला वाचता यायचं नाही, मी वाचलं. त्यानं लिहिलं होतं की कबर मिळाली नाही. जुने ताड तोडून नवे लावलेत, आणि जिथं आपली माणसं पुरली होती तिथं आता रांगा आहेत. कोणी म्हणतं सहावी रांग, कोणी म्हणतं नववी. मी दोन्ही रांगांत काम मागून घेतलं आहे. इथे जुनी माणसं आहेत, त्यांना मी काकाचं खरं सांगतो. एकेकाला गाठून सांगतो. पुढं एक ओळ सोडून लिहिलं होतं, इना, अजून जमत नाही.

तिनं ते दोनदा वाचून घेतलं. शेवटची ओळ तिसऱ्यांदा. मग म्हणाली, "कागद घे. मी सांगते ते लिही, तुजं काय त्यात घालू नगंस."

मी बसलो.

"लिही, कोपोंग, काकाचं खरं सांगतोस ते बेस करतोस. सगळ्यांला सांग. लिही, मी प्रसाद घेते आता. लिही, जमत न्हाई तर जमवू नगंस. मला ठावं हाय, ते जड हाय." ती थांबली. हाताच्या तळव्यानं गुडघा चोळत राहिली. "आन् लिही, जो माजा दोष उचलतो त्यानं तुजं न जमनंबी उचललंय. त्याच्या खांद्याला ते जड न्हाई. तू त्याच्यावर ठिव आन् जेवत जा. ऱ्हायलेलं अन्न खाऊ नगंस, तिकडं ताप येतो."

"आनखी?"

"आनखी काय? मी वाट बगत न्हाई असं लिही." थोड्या वेळानं म्हणाली, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"खोटं हाय. खोड."

मी खोडलं. त्या जागी काय लिहू विचारलं तर म्हणाली, "खोडलेलं दिसू दे. तो काय वाचायचं ते वाचंल."

पत्र गुरुवारच्या बोटीनं गेलं. केवा नोव्हेंबरात गेली, मेलेल्यांच्या महिन्यात. तीन दिवस छातीत दुखलं, एवढंच. फादरनी शेवटचा प्रसाद दिला, तो तिनं लगेच गिळला. लिपाटच्या शिंपल्याशेजारी पुरली. गावातलं एकूण एक माणूस आलं होतं, एके काळी बोनीला वळसा घेणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा. मुली रडल्या. कोपोंगला निरोप पोचायला पंधरा दिवस लागतात.

ख्रिसमसच्या आधी तवाऊहून पत्र आलं. वर तिचंच नाव, कोपोंगच्या हातचं. तारीख बघितली, तिला पुरलं त्याच्या आदल्या दिवशीची. म्हणजे त्यानं लिहिलं तेव्हा त्याच्या लेखी ती जिवंत होती.

फादर म्हणाले, वाचून बघ, कदाचित जमलं असेल. मी नाही फोडलं. जमलं असलं तर ते ऐकायला ती नाही, आणि नसलं जमलं तर मला ते ठाऊक करून घ्यायचं नाही. पत्र पेत्राच्या देवळात, क्रूसाच्या पायथ्याशी ठेवलंय. कोपोंग आला की त्याच्या हातात देईन.